पाणी तोडून वजन उतरवायचं, तेही वाढत्या पोरांचं?

कुस्ती खेळणाऱ्या पोराला खालच्या वजनगटात बसवायला पाणी तोडायचा सल्ला देताना ‘दोन-तीन किलो नुसतं पाणीच असतं, वजन झालं की प्यायचं’ असं म्हणतात, ते पटलं नाही. प्यायलेलं पाणी स्नायूंत परत मुरायला बरेच तास लागतात, आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांत आता वजन कुस्तीच्याच दिवशी सकाळी होतं. म्हणजे पोरगं अर्धं सुकलेलंच मॅटवर उतरतं. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत कॉलेजचे तीन मल्ल सव्वा महिन्याच्या आत गेले, रबरी सूट घालून घाम गाळताना. त्यानंतर तिथे कॉलेज कुस्तीत हे सूट आणि सॉना (घाम काढायची गरम खोली) बंद झाले, अन् हंगामाआधीच लघवी (अंगात पाणी पुरेसं आहे ना हे बघायला) आणि चरबी तपासून किमान वजन ठरवून देऊ लागले.

पॅरिस ऑलिंपिकमध्ये कुस्तीगीर विनेश फोगाट १०० ग्रॅम वजन जास्त भरल्याने बाद झाली, ते उदाहरण सगळे देतात. पण ती कसलेली खेळाडू, सोबत डॉक्टर. १४ वर्षांच्या पोराची उंची वाढतेय, वजन वाढणारच की! (खालच्या गटातलं पदक बहुतेकदा घरच्यांनाच हवं असतं.) खेळू दे वरच्या गटात, हरला दोन कुस्त्या तर हरला. खरंच चरबी जास्त असेल तर ती हंगामाच्या दोन-तीन महिने आधीपासून हळूहळू उतरवावी, डॉक्टरला विचारून, पाणी न तोडता.