खंड्या बसलेला चांगला येतो, उडाला की पुसट. सेटिंग काय ठेवू?

पाणवठा:
नमस्कार मंडळी, दोन वर्षं फोटो काढतोय, आधी फुलं-पानं-ढग असंच चालायचं, सहा महिने झाले पक्ष्यांचा नाद लागलाय. क्रॉप (लहान) सेन्सरवाली बॉडी आहे, ७०-३०० एमएमची झूम लेन्स, ट्रायपॉड नाही. तळ्याकाठी एक वाळकी फांदी पाण्यावर वाकलीय, तिथे खंड्या रोज सकाळी येतो. बसलेला असताना बरा येतो पण त्याने सूर मारला की संपलं, नुसता निळा फराटा. सेटिंग असं होतं: ३०० एमएम, अ‍ॅपर्चर (लेन्सची उघडझाप) एफ/५.६, शटर १/३२० सेकंद, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ४००. आयएसओ मी ४०० च्या वर नेतच नाही, नॉइज, म्हणजे दाणे येतात म्हणून. आणि दुसरं म्हणजे बसलेल्या फोटोतसुद्धा छातीचा पांढरा भाग कोऱ्या कागदासारखा दिसतो, पिसं कळतच नाहीत. तीन फोटो जोडलेत, काय चुकतंय ते स्पष्ट सांगा.

चतुरवेडी:
दुसरा फोटो शंभर टक्क्यांवर उघडून बघितला. फांदीच्या सालीवरच्या भेगा अगदी स्वच्छ दिसताहेत, शेजारचं गवताचं पातंसुद्धा, फक्त पंख पुसलेत. म्हणजे हात हललेला नाही, हात हलला असता तर फांदीसकट सगळं एकाच दिशेला ओढल्यासारखं दिसलं असतं. फोकस चुकला असता तर पक्षी मऊ आणि मागचं किंवा पुढचं काहीतरी शार्प आलं असतं. तुमचं तसं काही नाही, शटर कमी पडलंय एवढंच. प्रत्येक बिघडलेला फोटो डिलीट करायच्या आधी असा बघत जा, अर्धं तिथेच कळतं.

आता हिशोब करा. शटर १/३२० चे १/६४०, मग १/१२५०, मग १/२५००, हे तीन स्टॉप झाले, म्हणजे प्रकाश तीनदा निम्मा झाला. एफ/५.६ च्या पुढे तुमची लेन्स ३०० ला उघडत नसणार, मग तो प्रकाश आयएसओनेच भरून काढायचा, ४०० चे ८००, १६००, ३२००. हो, ३२००. घाबरू नका. नॉइज नंतर बराचसा काढता येतो, पुसलेला पंख कशानेच परत येत नाही. आणि आयएसओ कमी ठेवून काळा आलेला फोटो नंतर उजळायला गेलात तर सावल्यांमधे नॉइज हमखास वर येतो, त्यापेक्षा जागेवरच नीट एक्स्पोज केलेला ३२०० पुष्कळदा बरा दिसतो. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमचा हात सांभाळतं, पक्ष्याची हालचाल नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका. मॅन्युअल मोड (शटर-अ‍ॅपर्चर तुम्ही ठरवायचं), ऑटो आयएसओ (तो कॅमेरा ठरवतो), कंटिन्युअस फोकस (हलत्या पक्ष्यामागे फोकस फिरत राहतो), एवढं लावून बघा.

रानपाखरू:
वर ताईंनी शटरचं बरोबर सांगितलंय, मी पांढऱ्याचं सांगतो. तुमच्या फ्रेममधे मागे सगळं गडद पाणी आहे. कॅमेऱ्याचं मीटर सरासरी काढून सगळं मध्यम करड्यावर आणायला बघतं, त्याला वाटतं अंधार आहे, म्हणून उजेड वाढवतो आणि त्यात छाती जळते. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) उणे ०.७ ते उणे १ स्टॉप करा. उलट उजळ आभाळासमोर घार असेल तर अधिक करायचं, नाहीतर नुसती काळी आकृती मिळते. मॅन्युअलमधे ऑटो आयएसओ लावल्यावर काही बॉड्यांत हे कॉम्पेन्सेशन चालतं काहींत नाही, तुमच्यात चालतं का ते आधी घरीच तपासा. हायलाइटची चेतावणी चालू ठेवा, जळलेला भाग स्क्रीनवर लुकलुकतो. रॉमधे (सेन्सरच्या कच्च्या फाइलमधे) काढत असाल तरी पांढरा पूर्ण उडाला तर तिथे माहितीच नसते, काळ्यातून मात्र बरंच काढता येतं. म्हणून पांढरं आधी वाचवायचं.

चतुर (तो पाण्याकाठचा कीटक) काढायला गेलात तर हे उलटं आहे हं, बसलेला असतो तेव्हा शटर कमी चालतं पण एफ/८ ते ११ लागतो आणि त्याच्या अंगाला समांतर धरावं लागतं, नाहीतर डोळा शार्प आणि शेपूट गायब.

कोतवाल:
मला थोडं वेगळं म्हणायचंय. शटर १/२५०० सतत नको. तो निवांत बसलेला असतो तेव्हा १/२५० सुद्धा पुरतं, हात स्थिर असेल तर, आणि आयएसओ खाली येतो. दोन्ही सेटिंग कॅमेऱ्याच्या कस्टम मोडमधे सेव्ह करून ठेवा म्हणजे डायल फिरवला की काम झालं.

सूर मारतानाचा फोटो धरणं फार अवघड, त्यापेक्षा तो मासा घेऊन फांदीवर परत येतो ते धरा, जागा तुम्हाला माहीतच आहे. पक्षी शक्यतो वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून उतरतात, वारा तुमच्या पाठीवर असेल तर तो समोरून येताना मिळतो. खाली बसा, त्याच्या डोळ्याच्या पातळीला.

आणि एक कळकळीने सांगतो, त्याच्या चोचीत माशाचं डोकं बाहेरच्या बाजूला असेल तर तो मासा स्वतःसाठी नाही, पिल्लांना नाहीतर मादीला न्यायचाय. तसा मासा घेऊन तो नुसता बसून राहिला, तर काठातलं त्याच्या घरट्याचं बीळ जवळच असणार आणि तुम्ही वाटेत असणार. फोटो सोडून लगेच मागे सरका.

पाणवठा:
आज सकाळी जाऊन आलो. १/२५००, एफ/५.६, ऑटो आयएसओ, उणे ०.७, तर आयएसओ २००० च्या आसपास राहिला. सव्वाशे फ्रेम काढल्या त्यातली एकच मनासारखी, उतरताना दोन्ही पंख पूर्ण उघडे, पंखाच्या टोकाला पाण्याचा थेंब सुटायच्या बेतात आणि छातीवरची पिसं एकेक मोजावी अशी. नॉइज आहे, पण मला तो आधी दिसलाच नाही. कोतवालदादा, माशाचं डोकं चोचीच्या आतल्या बाजूला होतं, त्याने फांदीवर आपटून तिथेच गिळला. फोटो जोडतोय. आता उजेड कमी असताना फोकस मागच्या गवतावर जातो त्याचं काय करू?