४०० मेगाहर्ट्झ एनएमआर: सकाळी पीक सुरेख, दुपारी पसरट. कारण काय असेल?

नवा_ऑपरेटर: विद्यापीठाच्या सामायिक उपकरण केंद्रातलं ४०० चं एनएमआर मशीन (चुंबकाच्या मदतीने रेणूंची रचना ओळखणारं) माझ्याकडे येऊन आठ महिने झाले. गेले तीन आठवडे एकच रडगाणं आहे. सकाळी मी लावलेली सॅम्पल छान येतात. दुपारी विद्यार्थ्यांच्या स्लॉटमध्ये मात्र क्लोरोफॉर्मचा ७.२६ पीपीएमचा पीकसुद्धा (आलेखातला सुळका) पायथ्याशी पसरतो, टीएमएसच्या, म्हणजे शून्याची खूण देणाऱ्या पदार्थाच्या, पीकला खांदा येतो. ऑटोशिम (चुंबकीय क्षेत्र आपोआप एकसारखं करणारी सोय) नुसतं फिरत बसतं. पाऊस लागल्यापासून हे सुरू झालं, म्हणून संशय एसीवर आणि ट्यूब उचलणाऱ्या कॉम्प्रेसरच्या हवेवर आहे. सर म्हणतात इंजिनिअरला बोलवा, पण एएमसी (वार्षिक देखभाल करार) मार्चातच संपलीय.

कोकणी_केमिस्ट: कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा कॉक उघडून बघा. आमच्याकडे पावसाळ्यात रोज पेलाभर पाणी निघतं. ऑटो-ड्रेनवर विसंबू नका.

जुना_शिमर: कॉक उघडाच, पण इंजिनिअरला जरा थांबवा. दुपारी तीन वाजता लाइनशेपची (पीकचा आकार तपासायची) सीलबंद ट्यूब स्वतः लावा, ती अॅसिटोन-डी६ मधल्या क्लोरोफॉर्मची. ती नीट आली तर मॅग्नेट, प्रोब, हवा, एसी सगळे सुटले. चोर नळीत आहे.

मग पोरांच्या ट्यूब उजेडात धरा. ५ मिमीच्या ट्यूबमध्ये ०.६ मिली घातलं की चारेक सेंटीमीटर उंची येते. सीडीसीएल३ ची (ड्युटेरियमवाल्या क्लोरोफॉर्मची, म्हणजे सॉल्व्हंटची) बाटली गाइडच्या कपाटात कुलपात असते, म्हणून ही मंडळी ०.३ मध्ये भागवतात. द्रवाचं टोक प्रोबमधल्या सिग्नल पकडणाऱ्या कॉइलजवळ आलं की शिमिंग जमतच नाही. लॉक (सॉल्व्हंटच्या ड्युटेरियमच्या सिग्नलवर क्षेत्र स्थिर धरणं) मात्र लागतो, त्यामुळे त्यांना वाटतं सगळं आलबेल. तळाशी सिलिकाचे कण तरंगत असतील तर परत पाठवा. पाश्चर पिपेटमध्ये कापसाचा बोळा घालून गाळायला दोन मिनिटं लागत नाहीत.

आणि डेप्थ गेज (ट्यूब किती खोल बसवायची ते मोजायचं माप) जागेवर आहे ना? अंदाजाने स्पिनरमध्ये (ट्यूब धरणाऱ्या फिरकीत) ट्यूब खुपसणारे मी पुष्कळ पाहिलेत. फार खाली गेली आणि प्रोबमध्ये फुटली, तर एएमसीची आठवण रडत काढाल.

नवा_ऑपरेटर: सर, सीलबंद ट्यूब दुपारी साडेतीनला लावली, सकाळच्यासारखीच आली. मग रांगेतल्या ११ ट्यूब मोजल्या. सात ट्यूबमध्ये द्रव अडीच सेंटीमीटरच्या आत. गेज तर टेबलावर नव्हताच, खालच्या ड्रॉवरमध्ये जुन्या लॉगबुकखाली सापडला. बहुतेक मीच टेबल आवरताना टाकला असणार. पावसाला उगाच दोष दिला. आता तो दोरीने टेबलाला बांधलाय, बँकेतल्या पेनासारखा.

कोकणी_केमिस्ट: पाणी किती निघालं पण?

नवा_ऑपरेटर: दीड पेला.

जुना_शिमर: एएमसी संपलीय म्हणालात. मॅग्नेट थंड ठेवणारं हेलियम किती आहे?

नवा_ऑपरेटर: ५८ टक्के. फाइल खरेदी विभागात आहे.

जुना_शिमर: फाइलच्या मागे उद्यापासूनच लागा. पत्र नको, स्वतः जा.