मदत हवी आहे: नवी कॉर्डलेस जिगसॉ बदलून घ्यायची मुदत संपायच्या आत नीट तपासायची कशी?

महिरप_अमळनेर

राम राम मंडळी. देव्हाऱ्याच्या महिरपी आणि दिवाणाच्या कमानी कापायला १८ व्होल्टची कॉर्डलेस जिगसॉ (पातं वर-खाली हलवून वळणं कापणारी, बॅटरीवरची करवत) घेतली आहे. डब्यावर लिहिलंय: स्ट्रोक (पात्याची वर-खाली चाल) २६ मिमी, वेग मिनिटाला ३००० स्ट्रोकपर्यंत, ऑर्बिटल (कापताना पातं पुढे-मागे झुलण्याचं प्रमाण) ० ते ३. सोबत २ एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची साठवण) एकच बॅटरी.

तीन अडचणी आहेत. सागाच्या दीड इंची फळीत वळण घेताना वरची रेषा अचूक येते, पण फळी उलटी केली की खालचा काप ३-४ मिमी बाहेर गेलेला दिसतो. सहा सूत (पाऊण इंची) प्लायवर सनमायकाची कड उडते. आणि दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये मशीन मधेच बंद पडतं, पंधरा-वीस मिनिटांनी परत चालू होतं. दुकानदार दहा दिवसांत बदलून द्यायला तयार आहे, पण दोष दाखवा म्हणतो. दोष मशीनचा की कापण्याच्या पद्धतीचा, हे मापून कसं ठरवायचं?

सहासूत

बरं व्हयनं भाऊ, इचारी लिधं ते. आधी एक सांगा, पातं कोणतं आहे? डब्यात फुकट येणाऱ्या पात्यावर मशीनची परीक्षा घेऊ नका. टी शँकची (वरचं टोक टी आकाराचं असलेली) दोन कोरी पाती आणा: प्लायसाठी टी १०१ बी आणि जाड सागासाठी टी १४४ डी. पहिल्याचे दात बारीक असतात, काप स्वच्छ येतो. दुसऱ्याचे दात मोठे, ४ मिमी अंतरावर, त्यामुळे भुसा भराभर बाहेर पडतो. बारीक दातांचं पातं दीड इंची सागात घातलं की दातांमधली जागा भुशाने भरते, पातं घासायला लागतं, तापतं आणि वाकतं. तुमच्या ३-४ मिमीमागे हे एक कारण असू शकतं.

आता तपासणी. बॅटरी काढून ठेवा, मगच हात लावा. पायपट्टी म्हणजे मशीनचा फळीवर टेकणारा सपाट तळ, तिच्यावरच्या अंशांच्या खुणांवर विश्वास नको. मशीन उलटं धरून छोटा गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) पायपट्टीवर टेकवा आणि पात्याच्या सपाट अंगाला लावा. दातांना लावू नका, बऱ्याच पात्यांचे दात डावी-उजवीकडे वाकवलेले असतात, माप चुकतं. उजेडाकडे धरलं की फट लगेच दिसते. फट असेल तर पायपट्टीचा स्क्रू सैल करून जुळवा, घट्ट करा आणि पुन्हा एकदा बघा, कारण घट्ट करतानाच ती हलते.

मग पात्याच्या मागची खाच असलेली छोटी चाक, म्हणजे गाइड रोलर बघा. ऑर्बिटल ० वर पात्याची पाठ तिला हलकी टेकलेली हवी आणि खाच पात्याच्या बरोबर मागे हवी. कापताना पात्यावर मागे जो रेटा येतो तो ही चाक घेते. चाक टेकतच नसेल तर पातं फक्त वरच्या पकडीवर लटकतं आणि खालचं टोक वाट्टेल तिकडे जातं. तिच्या अक्षावर अधूनमधून तेलाचा एक थेंब टाकत जा.

शेवटी पात्याचं खालचं टोक चिमटीत धरून आडवं हलवा. पातं स्वतः थोडं लवणारच, ते सोडा. पकडीतच खडखड लागत असेल तर ती खूण करून ठेवा.

तापीकाठ

सहासूत दादांशी सहमत. भर घालतो ती कापायच्या चाचणीची, कारण "जोरात कापतं" किंवा "दम नाही" असं नुसतं सांगून कोणी मशीन बदलून देत नाही.

एकाच फळीचे तुकडे घ्या. वखारीतल्या दोन फळ्यांमध्येसुद्धा फरक असतो, एक ओली, एकीत गाठ. बिनगाठीची ३८ मिमी सागाची फळी आणि १९ मिमीचा आयएस ७१० (मरीन प्लायचं मानक) छाप असलेला प्लाय एवढं पुरे. दोन सुतारी घोड्यांवर फळी ठेवा, दोन्हीकडे क्लॅम्प लावा, खाली पात्याला मोकळी जागा ठेवा. ३०० मिमीची सरळ रेषा, वेग पूर्ण, ऑर्बिटल आधी ०, मग २. प्रत्येकी तीन काप घ्या, मोबाइलवर वेळ मोजा, सरासरी काढा.

खरी गोम ढकलण्यात आहे. माणूस दमला की जास्त ढकलतो आणि सगळे आकडे बिघडतात. म्हणून पायपट्टीच्या पुढच्या टोकाला दोरी बांधा, ती फळीच्या पुढच्या कडेवरून खाली सोडा आणि तिला दोन लिटरची पाण्याने भरलेली बाटली टांगा. कडेवर पाइपचा तुकडा ठेवला की दोरी घासत नाही. आता ओढ प्रत्येक वेळी दोन किलोच्या आसपास राहते, हाताने फक्त मशीन खाली दाबून रेषेवर ठेवायचं. कडेपासून दोन इंच आधीच स्विच सोडा, म्हणजे शेवटी मशीन पुढे झेपावत नाही. डोळ्यावर चष्मा, नाकावर मास्क, आणि पातं पूर्ण थांबल्याशिवाय मशीन उचलायचं नाही.

काप झाला की फळीच्या वरच्या अंगाला गुण्या लावून कापलेल्या बाजूची फट फिलर गेजने मोजा. मोटारसायकलच्या टॅपेटला वापरतात तोच गेज. ३८ मिमी सागात सरळ कापाला अर्ध्या मिमीपर्यंत फट असेल तर मी मशीन चांगलं म्हणेन. एक मिमीच्या पुढे गेली की कारण शोधायला बसा.

कारण असं सापडतं. एक काप फळीच्या डाव्या टोकाकडून घ्या, दुसरा उजव्या टोकाकडून. कल दोन्ही वेळा मशीनच्या एकाच बाजूला गेला तर दोष पायपट्टीचा, चाकेचा किंवा पकडीचा. कल फळीच्या एकाच अंगाला राहिला तर पातं लाकडाच्या रेषांमागे जातंय. कधी इकडे कधी तिकडे झाला तर हात आडवा रेटतोय.

कमानवाले_चोपडा

वळणाबद्दल सांगतो. टी १४४ डी सरळ कापाला उत्तम, पण रुंद पातं आहे, महिरपीच्या लहान वळणात ते पिळलं जातं. वरून तुम्ही मशीन फिरवता, खालचं टोक मात्र मागच्या कापातच अडकलेलं असतं. तुमची वरची रेषा बरोबर आणि खालची बाहेर, ती यामुळेच. जाड लाकडात वळणासाठी टी २४४ डी, अरुंद पातं. चार सुतापर्यंतच्या पातळ प्लायला टी ११९ बीओ.

पातं अरुंद म्हणजे लवचीकही, म्हणून ऑर्बिटल ० किंवा १ आणि सावकाश. वळणाच्या बाहेरच्या टाकाऊ भागात आधी दर २०-२५ मिमीवर रेषेपर्यंत आडवे सुटके काप घेऊन ठेवा. मुख्य काप घेताना तुकडे एकेक करून गळून पडतात आणि पात्याला फिरायला जागा मिळते. तरीही रेषेच्या बाहेर दीड-दोन मिमी लाकूड राखा आणि कानसीने रेषेवर आणा. दीड इंची सागात जिगसॉच्या कापावरच फिनिशिंग सोडायची अपेक्षा कुठल्याच मशीनकडून ठेवू नका.

सनमायकाचं म्हणाल तर जिगसॉचं पातं वर जाताना कापतं, म्हणून वरच्या अंगाची कड उडते. दर्शनी बाजू खाली ठेवा, खुणा मागच्या बाजूला करा. दर्शनी बाजू वरच ठेवून कापावं लागत असेल तर उलट्या दातांचं टी १०१ बीआर. ते मशीनला वर उचलतं, त्यामुळे पायपट्टी घट्ट दाबून धरावी लागते. ऑर्बिटल ०. डब्यात प्लास्टिकची छोटी चिमटीसारखी पट्टी आली असेल, ती पात्याभोवती पायपट्टीत बसवा, कड उडणं बरंच कमी होतं.

आणि सागात सिलिका असते, साधं कार्बन स्टीलचं पातं लवकर बोथट होतं. चाचणीच्या मधेच पातं बोथट झालं तर शेवटचे आकडे खोटे. सुरुवातीला घेतलेला एक काप शेवटी पुन्हा घ्या, वेळ खूप वाढली तर दोष पात्याचा. रोजच्या कामाला बायमेटल (लवचीक पाठ आणि कडक दातांचं) पातं महाग पडलं तरी परवडतं.

तापीकाठ

बॅटरीचं राहिलंच. १८ व्होल्ट गुणिले २ एएच म्हणजे ३६ वॅट-तास. ४ एएचची म्हणजे ७२. जिगसॉ दीड इंची सागात सतत चालवली तर २ एएच लवकरच संपणार, तो दोष नाही. पण तुमची बॅटरी गार झाल्यावर परत चालते, म्हणजे ती संपलेली नाही, तापून स्वतःला बंद करते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त. लिथियम बॅटरीला ही संरक्षणाची सोय मुद्दाम दिलेली असते. तापलेली बॅटरी चार्जरला लावली तर बरेचसे चार्जर गार होईपर्यंत चार्जिंग सुरूच करत नाहीत, तेव्हा चार्जर बिघडला असं समजू नका.

तपासायचं असं: पूर्ण चार्ज करून रात्रभर घरात ठेवा. सकाळी आठच्या आत १९ मिमी प्लायमध्ये टी १०१ बीने सलग काप घ्या, बॅटरी थांबेपर्यंत एकूण मीटर मोजा. तीच चाचणी दुसऱ्या दिवशी दुपारी करा. सकाळी भरपूर आणि दुपारी निम्म्याहून कमी असेल तर कारण ऊन. दोन्ही वेळा कमीच असेल तर बॅटरी.

मल्टिमीटर असेल तर पूर्ण चार्ज बॅटरीचा व्होल्टेज २० ते २१ दिसायला हवा. आत पाच सेल ओळीने असतात, प्रत्येकी ४.२, म्हणून २१. मीटरच्या दोन टोकांचा एकमेकांना स्पर्श होऊ देऊ नका. "२० व्होल्ट मॅक्स" लिहिलेल्या बॅटरीतही तेच पाच सेल असतात, जास्त ताकद नसते.

जादा बॅटरी बाजारातून घेणार असाल तर वजन करून घ्या. १८६५० आकाराचा एक सेल साधारण ४५ ते ४८ ग्रॅमचा असतो आणि त्यात सहसा साडेतीन एएचच्या आसपासच मावतं. स्टिकरवर ६ एएच आणि बॅटरी हाताला हलकी, आत पाचच सेल, तर स्टिकर खोटा.

सहासूत

स्ट्रोकही मोजून टाका. पात्याच्या पकडीवर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या आणि मोबाइलवर सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ घ्या. ३० फ्रेमने चालवला की खरा एक सेकंद ८ सेकंदांचा होतो, त्यात ठिपका ५० वेळा वर-खाली गेला पाहिजे. ५० गुणिले ६० म्हणजे ३०००. शूटिंग उन्हात करा, ट्यूबच्या उजेडात चित्र लुकलुकतं. एकदा मोकळं चालवून मोजा, एकदा सागात कापताना. थोडा वेग कमी होणारच. पण ५० वरून ३० वर आला तर आधी पातं बदलून बघा, मग मोटरला दोष द्या. शेजारी स्टीलची पट्टी धरली तर त्याच व्हिडिओत स्ट्रोकची लांबीही वाचता येते.

महिरप_अमळनेर

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवसांत सगळं मोजलं.

मोकळ्या वेगात सेकंदाला ४९ स्ट्रोक, स्ट्रोकची लांबी २६ला अगदी लागून. बॅटरी सकाळी ठीक, दुपारी निम्मीही नाही, म्हणजे ऊनच. सनमायका दर्शनी बाजू खाली ठेवल्यावर स्वच्छ निघाला.

सरळ सागात मात्र फट १.३ मिमी, आणि दोन्ही टोकांकडून कापलं तरी मशीनच्या डाव्या बाजूलाच. पायपट्टी गुण्याला बरोबर आहे. चाक बघितली तर ऑर्बिटल ०वर पात्याची पाठ आणि चाक यांच्यात पोस्टकार्ड आरपार जातं, शिवाय खाच एका बाजूला सरकलेली दिसते. नवं पातं लावूनही तेच.

सहासूत

मग दोष सापडला, आणि तो मशीनचा आहे. चाकेचा कंस पक्कडीने वाकवून स्वतः जुळवायला जाऊ नका, बदलून द्यायला नकार द्यायला तेवढं निमित्त पुरतं. दुकानात जाताना कोरं पातं, गुण्या, पोस्टकार्ड आणि दोन्ही टोकांकडून कापलेले सागाचे दोन तुकडे न्या. तुकड्यांवर बाणाने कापायची दिशा लिहा. बदली मशीन मिळालं की काउंटरवरच त्यातही पातं लावून चाक टेकते का बघा, मगच पिशवीत टाका.