मदत हवी आहे: आमच्या चर्चची टीम नेपाळमधल्या अनाथाश्रमात सेवेला निघाली आहे. जावं का? काय विचारावं?

नमस्कार,

थोडं मोठं लिहिते आहे. नेपाळचा, बालगृहांचा किंवा चर्चच्या मिशन ट्रिपचा ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया शेवटपर्यंत वाचा आणि स्पष्ट सांगा.

आमची पुण्यातली मराठी प्रॉटेस्टंट मंडळी, म्हणजे चर्च. मी तिथे शब्बाथ शाळा, म्हणजे मुलांचा बायबलचा वर्ग, घेते. मे महिन्याच्या सुट्टीत तरुण संघाची टीम काठमांडूजवळच्या एका अनाथाश्रमात न्यायची असं ठरलंय. आमच्याकडे उपासनेला काही नेपाळी कुटुंबं येतात, त्यांच्याच ओळखीतून हा आश्रम कळला. आठवडाभर राहायचं, भिंती रंगवायच्या, मुलांची व्हीबीएस (सुट्टीतली बायबल शाळा) घ्यायची, बूट-दप्तरं वाटायची, असा बेत आहे. टीममध्ये बहुतेक कॉलेजची मुलं आणि आम्ही दोन-तीन मोठे. बहिणींच्या संघाने चकल्या-करंज्या विकून पैसे जमवले, तरुणांनी गाड्या धुतल्या. टी-शर्ट छापून आलेत, पाठीवर याकोब १:२७, बायबलमधलं अनाथ-विधवांबद्दलचं वचन. म्हणजे सगळे किती मनापासून लागलेत ते लक्षात येईल. त्यांच्या हेतूबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

सामानाची जबाबदारी माझ्याकडे आहे. बुटांचे नंबर हवेत म्हणून मी आश्रमाकडे मुलांची यादी मागितली. त्यांनी एक्सेलची फाईल पाठवली. नाव, वय, इयत्ता, बुटाचा नंबर, आणि शेवटी 'कैफियत' (म्हणजे शेरा) नावाचा रकाना. नेपाळी देवनागरीतच, त्यामुळे वाचता आलं. बऱ्याच मुलांच्या नावापुढे लिहिलंय, 'दसैंमा घर जाने'. एका आठ वर्षांच्या मुलापुढे, 'बुबा कतारमा'. म्हणजे दसऱ्याला ही मुलं घरी जातात. एकाचे वडील कतारला कामाला आहेत.

मी फोन केला. पलीकडचे गृहस्थ अगदी सरळपणे बोलले, काही लपवलं असं मला वाटलं नाही. म्हणाले, "दिदी, गावात धड शाळा नाही, घरात पैसा नाही. आई-बाप असून नसल्यासारखेच. अनाथच समजा." पण आमच्या निवेदनात, ज्यावर आम्ही मंडळीकडून पैसे मागितले, 'आईवडील नसलेली लेकरं' असं लिहिलंय.

त्यानंतर मी जे जे मिळेल ते वाचत सुटले. थोडक्यात मांडते. चुकत असेल तर जाणकारांनी दुरुस्त करा.

नेपाळमधली बहुतेक बालगृहं पाच जिल्ह्यांत एकवटली आहेत: काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, पोखराचा कास्की आणि चितवन. सगळे पर्यटकांचे जिल्हे. अनाथ मुलं नेमकी पर्यटक जातात तिथेच कशी जन्माला येतील? ती आणली जातात. १९९६ ते २००६ या यादवीच्या काळात हुमलासारख्या दूरच्या डोंगरी जिल्ह्यांतून दलाल मुलं घेऊन आले. 'शहरात शिकवतो, माओवाद्यांपासून वाचवतो' असं सांगून आईबापांकडूनच पैसे घेतले, आणि पुढे खोटे कागद करून त्याच मुलांना अनाथ दाखवलं. कागद इतके बेभरवशाचे की २०१० मध्ये अमेरिकेने नेपाळमधून 'टाकून दिलेली' म्हणून दाखवलेल्या मुलांची दत्तक प्रकरणं थांबवली. २०१५ च्या भूकंपानंतर पुन्हा तेच होईल या भीतीने नेपाळ सरकारने आईवडील किंवा अधिकृत पालक सोबत नसताना मुलांच्या प्रवासावर निर्बंध घातले आणि नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली.

हे फक्त नेपाळचं नाही. कंबोडियात २००५ ते २०१० या पाच वर्षांत बालगृहांची संख्या १५४ वरून २६९ वर गेली, आणि त्या मुलांपैकी चारांतल्या तीनहून जास्त जणांचे आई किंवा वडील हयात होते. त्या काळात कंबोडियात अनाथ वाढले नव्हते, वाढले होते पर्यटक आणि देणगीदार. २०१९ च्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांच्या ठरावात अनाथाश्रमांतल्या स्वयंसेवेचा, पर्यटनाच्या अंगाने होणाऱ्या सेवेचासुद्धा, थेट उल्लेख केला आहे, की यातून मुलांची तस्करी आणि शोषण होऊ शकतं.

म्हणजे आमच्यासारख्या टीम येत राहतात म्हणून खाटा भरलेल्या ठेवाव्या लागतात. ही गोष्ट वाचल्यापासून माझी झोप उडाली आहे.

दुसरं, मुलांच्या मनाचं. माझी मावशी लहानपणी आमच्या जिल्ह्यातल्या एका मिशन बोर्डिंगमध्ये होती. मागच्या रविवारी तिला हे सगळं सांगितलं, तर ती पाहुण्यांच्या दिवसाबद्दल बोलायला लागली. सकाळी सगळ्या मुलींच्या डोक्याला तेल, लाल रिबिनी, इस्त्रीचे फ्रॉक. रांगेत उभं राहून हातवारे करत गाणं म्हणायचं. एका गोऱ्या बाईंनी तिला पूर्ण आठवडा मांडीवर घेतलं, केस विंचरले, 'पुढच्या वर्षी येते' म्हणाल्या. मावशी वर्षभर फाटकाकडे डोळे लावून. बाई आल्या नाहीत. पुढच्या वर्षी दुसऱ्याच आल्या, आणि मावशीने त्यांच्याकडे जायलाच नकार दिला तर तिला रागे भरले. आज सत्तरी उलटलेली बाई हे सांगताना रडली. बोर्डिंगमुळेच ती शिकली, नर्स झाली, हे तिनेच पुढे सांगितलं. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही मला इथे लिहायचं होतं.

आमच्या टीममध्ये बालरोग विभागात काम केलेली एक सिस्टर आहे. तिने बुखारेस्टच्या अभ्यासाबद्दल सांगितलं: रुमानियातल्या अनाथालयांतली १३६ बाळं, त्यातली निम्मी चिठ्ठ्या टाकून पालक कुटुंबांत दिली. जी दोन वर्षांची होण्याआधी कुटुंबात गेली ती माणसांशी नातं जोडण्यात बरीच सावरली. लेकराला रोज तेच हात लागतात. आठवड्याला बदलणारे नव्हेत.

तिसरी गोष्ट कायद्याची, आणि इथे मला नक्की मदत हवी आहे. नेपाळच्या २०१५ च्या घटनेच्या कलम २६ मध्ये दुसऱ्याचं धर्मांतर करण्याला बंदी आहे, आणि २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेच्या कलम १५८ नुसार पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड. परदेशी माणसाला शिक्षेनंतर देशाबाहेर काढतात. आमची व्हीबीएस यात कुठे बसते? 'फक्त गोष्टी आणि गाणी आहेत' असं आमचे तरुण म्हणतात. भारतीय म्हणून आम्हाला व्हिसा लागत नाही हे खरं, पण म्हणून हे कलम आम्हाला लागू नाही असं थोडंच आहे? आणि आम्ही परत येऊ, तिथले नेपाळी विश्वासी बांधव मात्र तिथेच राहणार. पोलीस त्यांच्या दारात जातील.

कायदा बाजूला ठेवला तरी मनाला एक प्रश्न राहतोच. माझ्या विश्वासाची मला लाज नाही, सुवार्ता सांगायला मी कधी मागे राहिले नाही. पण कतारमध्ये उन्हात राबणाऱ्या त्या बापाला न विचारता त्याच्या आठ वर्षांच्या पोराला मी प्रार्थना शिकवायची? माझ्या मुलाच्या बाबतीत कोणी असं केलं असतं तर मला चाललं नसतं.

चर्चचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीत मी हे अर्धंमुर्धं मांडलं. पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या पास्टरांनी, शांतपणे ऐकून घेतलं, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण एका वडीलधाऱ्यांनी विचारलं, "रमाबाईंनी असाच विचार केला असता तर मुक्ती मिशन उभं राहिलं असतं का?" तेव्हा मला उत्तर सुचलं नाही, नंतर सुचलं. पंडिता रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि ज्या मुलींना, बालविधवांना खरंच कोणी उरलं नव्हतं त्यांना घेऊन आल्या. केडगावला त्यांना छापखाना, विणकाम, शेती शिकवली, आणि १९२२ मध्ये मरेपर्यंत त्यांच्यातच राहिल्या. ते आयुष्यभराचं होतं. आमचं तिकीट परतीचं काढलेलं आहे.

दुसरे एक जण म्हणाले, "आपण काय मुलं पळवायला चाललोय का?" नाही. पण २०१० मध्ये हैतीच्या भूकंपानंतर अमेरिकेतले दहा बॅप्टिस्ट स्वयंसेवक ३३ मुलं घेऊन सीमेवर पकडले गेले, तेही देवाचं काम म्हणूनच गेले होते. त्या मुलांना अनाथ समजून नेत होते, आणि त्यांचे आईवडील हयात निघाले. चांगल्या मनाने जाणं आणि चौकशी करून जाणं, दोन्ही लागतं.

याकोबाचं ते वचन मी पुन्हा काढून वाचलं. त्यात अनाथ आणि विधवा एका दमात आले आहेत. त्यांच्या संकटात त्यांचा समाचार घ्या असं आहे. आईला हात दिला तर लेकरू घरातच राहतं, मला तरी ते असंच कळतं. आपल्याकडे महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहेच की, एकल आईला किंवा नातेवाइकांना दरमहा मदत, म्हणजे मूल संस्थेत टाकावं लागू नये. आमच्या मंडळीतल्या दोन घरांना ती मिळते आणि ती मुलं आपल्या आजीकडे राहून शाळेत जातात.

तर माझे प्रश्न.

नेपाळमध्ये एखादं बालगृह नोंदणीकृत आहे की नाही, शेवटची तपासणी कधी झाली, हे बाहेरच्या माणसाला कुठे विचारता येतं? जिल्ह्याच्या पातळीवर की राष्ट्रीय बाल अधिकार परिषदेकडे? कोणी प्रत्यक्ष विचारणा केली आहे का?

संस्थेला मी काय विचारावं? मला सुचलेलं असं: प्रत्येक मुलाला इथे कोणी आणलं, कुठल्या कागदावर? घरच्यांशी बोलणं किती वेळा होतं? घरी परत पाठवण्यासाठी काय करता, आणि आजवर कोणी परत गेलं का? बाहेरचे लोक मुलांसोबत एकटे राहतात का? देणग्यांचा हिशोब कोण तपासतं? अजून काय हवं?

फोटोंचं काय करता? आपल्याकडे बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ मुळे अशा मुलांची ओळख उघड करता येत नाही. आमच्या तरुणांनी मात्र तिथल्या मुलांचे व्हिडिओ आत्ताच स्टेटसला टाकले आहेत. मी काढायला लावले, पण दोघे नाराज आहेत.

आणि सगळ्यात अवघड: जमलेल्या पैशांचं काय? लोकांनी विश्वासाने दिले आहेत. ते दुसऱ्या कामाला वळवायचे तर देणाऱ्यांना विचारायला हवं. कोणाच्या चर्चने असा बेत बदलला आहे का? कसा मांडला?

---

प्रतिसाद वाचून भर घालते आहे

सगळ्यांचे मनापासून आभार. एकेकाला उत्तर देते.

'जाऊच नका, सगळं थोतांड आहे' असं ज्यांनी लिहिलं त्यांना: मला तसं म्हणायचं नाही. त्या यादीत चार नावं अशी आहेत ज्यांच्यापुढे कैफियतीचा रकाना कोरा आहे. त्यांचं खरंच कोणी नसेल. आम्ही एकदम हात काढून घेतला तर जेवणाचे पैसे कुठून येतील? त्यामुळे अचानक बंद करायचं नाही, हे मी मनाशी पक्कं केलं आहे.

'धर्मप्रचारासाठीच जाता, मग आव कशाला' असं लिहिणाऱ्यांना: तुमचा राग मला कळतो. वर लिहिलं आहे तेच पुन्हा सांगते, पालकांच्या परवानगीशिवाय मुलांना काही शिकवायचं नाही, यावर मी ठाम आहे. व्हीबीएस बेतातून काढायला पाळकसाहेबही तयार झाले आहेत.

पोखऱ्याला समाजकार्य केलेल्या ताईंनी सुचवलेला मार्ग मला फार आवडला. टीम पाठवण्याऐवजी संस्थेलाच विचारायचं, की तुम्ही मुलांना घरी पाठवायला तयार असाल तर आम्ही त्या घरांच्या शाळेच्या फीचा आणि गावात जाऊन पाहणी करणाऱ्या नेपाळी समाजसेवकाच्या पगाराचा भार उचलतो. रंगकामाला तिथलाच रंगारी लावायचा, त्यालाही रोजगार. ताई, तुम्ही लिहिलंत की घरी पाठवणं घाईने केलं तर मूल पुन्हा दलालाच्या हाती लागतं. मग घर तयार आहे हे ठरवतं कोण, आणि साधारण किती काळ लक्ष ठेवावं लागतं? हे जरा सविस्तर लिहाल का? कमिटीत पहिला प्रश्न हाच येणार आहे.

तरुणांचं मात्र मन मोडवत नाही. पुण्यात नेपाळी मुलांसाठी काही करता येईल का असा विचार चालू आहे. रात्रपाळी करणाऱ्या वॉचमन कुटुंबांची मुलं आमच्या आसपासच आहेत, त्यांना अभ्यासाला जागा नाही. आईवडील जवळच राहतात, त्यांना विचारता येतं, आणि वर्षभर जाता येतं. अशा अभ्यासिका कोणी चालवत असाल तर वेळ, जागा, दाखल्यांच्या अडचणी याबद्दल लिहा.

आणखी एक. आश्रमाकडून काल उत्तर आलं. नोंदणीचा कागद आणि मागच्या वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल पाठवला आहे, दोन्ही नेपाळीत. मुलांना कोणी आणलं या प्रश्नाला उत्तर नाही. सरकारी नेपाळी नीट वाचता येणारं इथे कोणी असेल तर मला खाजगी निरोप पाठवा. मुलांची नावं झाकून पानं पाठवते. कमिटीची सभा महिनाअखेरीस आहे, त्याआधी हवं आहे.