मदत हवी आहे: देठावरचं कोकरू

मंडळी, लेकीला शाळेत काल्पनिक प्राण्याचं मॉडेल करायचंय. ड्रॅगन सोडून बाईंनी निवडलं तार्तारीचं कोकरू! मध्ययुगीन युरोपात लोक मानायचे की तिकडे मध्य आशियात एका रोपाला जिवंत कोकरू लागतं. देठ थेट बेंबीला. देठ पोचेल तेवढंच गवत खायचं, ते संपलं की बिचारं उपाशी मरायचं.

१६९८ साली हान्स स्लोन या डॉक्टरांनी लंडनच्या रॉयल सोसायटीत (शास्त्रज्ञांच्या संस्थेत) असं एक 'कोकरू' दाखवलं. निघालं काय, तर चीनकडून आलेलं नेच्याचं (फर्नचं) खोड! अंगावर सोनेरी-तपकिरी लव, आणि पानांचे देठ छाटून केलेले पाय. काहींच्या मते गोष्टीचं मूळ आपल्या कापसात आहे. भारतात रानझाडांना लोकर लागते, असं प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनेही लिहिलंय.

आता अडचण. कापूस चिकटवून पाहिला, तर ससाच दिसतोय. नारळाचा काथ्या कशाने नीट चिकटेल? फेविकॉलने सुटून येतोय. एका देठावर वजन कसं पेलवायचं? आणि लंडनकर कुणी असाल, तर तिथल्या गार्डन म्युझियममधल्या नमुन्याचा फोटो मिळेल का? परवा द्यायचंय हो!