डेलिया डर्बिशर: १९६३ ची ‘डॉक्टर हू’ची धून सिंथेसायझरविना कशी बांधली?

कानोसा:
ब्रिटिश दूरचित्रवाणीवरच्या स्त्री-ध्वनिकारांवर तासाभराचं प्रात्यक्षिक करायचं आहे. ‘डॉक्टर हू’ या विज्ञान-काल्पनिका मालिकेची मूळ धून डेलिया डर्बिशर यांनी टेप कापून-जोडून तयार केली, एवढं ठाऊक आहे. त्यातल्या खर्जाचे चार-सहा स्वर तसेच बांधून दाखवायचे आहेत. टेपवर स्वर खाली-वर कसा करायचा? लय कशी सांभाळायची? आणि पाटीवर ‘संगीतकार’ म्हणून त्यांचं नाव लिहू का?

पाव_इंच:
आधी पाटीचं. धून लिहिली रॉन ग्रेनर यांनी. डर्बिशर यांनी ती ध्वनीत उभी केली, डिक मिल्स मदतीला होते. म्हणून ‘संगीत: ग्रेनर, ध्वनिरचना: डर्बिशर’ असं लिहा. ध्वनिरचना म्हणजे दुय्यम काम, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. ऐकल्यावर ग्रेनर स्वतः मानधनात त्यांना वाटा द्यायला तयार होते. बीबीसीच्या नियमांत ते बसलं नाही. पडद्यावर त्यांचं नाव आलं ते थेट २०१३ मध्ये, त्यांच्या निधनानंतर १२ वर्षांनी. प्रात्यक्षिकात हे सांगाच.

आता टेप. खर्जासाठी एकच तार छेडून ध्वनिमुद्रित केली होती. बाकीचे स्वर त्याच आवाजाचा वेग बदलून काढलेले. वेग निम्मा केला की स्वर एक सप्तक खाली जातो आणि लांबी दुप्पट होते. एक अर्धस्वर चढवायचा तर वेग १.०५९५ पट, दोन चढवायचे तर १.१२२ पट. सप्तकभर वर गेलेला स्वर निम्म्याच वेळात संपतो, म्हणून मूळ आवाज हव्या त्या लांबीच्या दुपटीने तरी घ्या. नाहीतर वरचे स्वर तोकडे पडतात.

लय मोजायची ती फूटपट्टीने. टेप सेकंदाला १५ इंच धावते. मिनिटाला १२० ठोके धरले तर एक ठोका साडेसात इंच, अर्धा ठोका पावणेचार इंच. प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्यापासून मोजत गेलात तर चूक साचत जाते: दर तुकड्याला दशांश इंच जास्त गेला की १६ स्वरांनंतर १.६ इंच, म्हणजे दशांश सेकंदाहून जास्त. तेवढं कोणाच्याही कानाला खटकतं. प्रत्येक जोडाची जागा सुरुवातीपासून मोजा.

काप ४५ अंशांत घ्या. पाव इंच रुंदीच्या टेपवर तिरका काप पाव इंचभर पसरतो, म्हणजे सेकंदाचा साठावा भाग, आणि तेवढ्यात एक आवाज दुसऱ्यात विरतो. सरळ कापात ‘टक्’ ऐकू येण्याची शक्यता जास्त. तरीही ‘टक्’ येत असेल तर ब्लेडमध्ये चुंबकत्व उतरलेलं असू शकतं. ते काढा किंवा ब्लेड बदला. चिकटपट्टी टेपच्या पाठीवर लावा, मुद्रणाच्या बाजूला नाही. ती टेपपेक्षा किंचित अरुंद हवी, नाहीतर कडेने गोंद बाहेर येऊन हेडला (टेप वाचणाऱ्या भागाला) लागतो.

मेडा_व्हेल:
खर्जाच्या वर वाजणारी मुख्य धून तारेची नाही. ती चाचणीसाठी वापरायच्या ऑसिलेटरांची (विजेवर एकसलग स्वर देणाऱ्या यंत्रांची) आहे; बटण हाताने फिरवत स्वर घसरवलेला. धुनेतली फुसफुस म्हणजे गाळलेला पांढरा गोंगाट (‘व्हाइट नॉइज’, सगळ्या कंपनांचा एकत्र खरखराट). तेव्हा मल्टिट्रॅक (एकाच टेपवर अनेक आवाज वेगवेगळे मुद्रित करायची सोय) नव्हतं, म्हणून वेगवेगळ्या टेप वेगवेगळ्या यंत्रांवर एकदम सुरू करून मिसळायच्या. एक स्वर चुकत होता, तेव्हा टेप इमारतीतल्या लांबलचक मार्गिकेत शेजारी-शेजारी उलगडून चुकीचा जोड शोधला होता. जोड समोरासमोर आले की कुठला पुढे-मागे सरकलाय ते डोळ्यांना दिसतं. ही युक्ती प्रात्यक्षिकात जमिनीवर करून दाखवा, लोकांना पटकन कळेल.

आणि डॅफ्नी ओरम यांना विसरू नका. १९५८ मध्ये बीबीसीचा ध्वनिविभाग ‘रेडिओफोनिक वर्कशॉप’, जिथे ही धून बनली, तो सुरू करणाऱ्यांत त्या होत्या. पुढच्याच वर्षी बाहेर पडून केंटमध्ये त्यांनी स्वतःचं यंत्र उभारलं: ३५ मिलिमीटरच्या १० फिल्मपट्ट्या, त्यांवर काढलेल्या खुणा आणि आकार, आणि प्रकाश वाचणारे फोटोसेल. हात रेषा काढतो आणि आवाज बदलतो! मला तर ही कल्पना त्या धुनेहून मोठी वाटते.

कानोसा:
दोघांचेही आभार. टेपयंत्र मिळालं नाही तर संगणकावर चालेल का?

पाव_इंच:
चालेल, पण लांबी कायम ठेवून स्वर बदलणारी सोय बंद करा. वेग आणि स्वर एकत्रच बदलू द्या. खाली गेलेल्या तारेचा जडपणा त्यातूनच येतो. तुकड्यांचं लय-जाळीला (पडद्यावरच्या ठोक्यांच्या रेषांना) आपोआप चिकटणंही बंद ठेवा आणि प्रत्येक जोडावर सुमारे १७ मिलिसेकंदांचा क्रॉसफेड द्या, म्हणजे तिरक्या कापासारखा एक आवाज दुसऱ्यात विरेल.