प्लॉटवर जमीन कुठे घट्ट, कुठे ढिली हे स्वस्तात कसं मोजायचं?

साइटवाला: चाकणजवळ गोडाऊनचं काम आहे, दोनेक एकर. वरच्या अंगाला कटिंगमध्ये कडक मुरूम लागलाय, खालच्या अंगाला काळ्या मातीवरच दीड-दोन मीटर मुरमाचा भराव टाकलाय. प्लेट लोड टेस्ट (लोखंडी प्लेटवर वजन देऊन जमीन किती दबते ते बघायची) एकच झाली, तीही कटिंगमध्ये. वर रॅक येणार, फोर्कलिफ्ट फिरणार, आणि त्या एका आकड्यावर अख्खा फ्लोअर डिझाइन करायचा हे पटत नाही. पण जागोजागी प्लेट टेस्ट करायचं बजेटही नाही. काय करू?

मुरूमवाला: पटत नाही तेच बरोबर आहे. असा फ्लोअर बहुतेक वेळा तडकतो तो एक बाजू दबली आणि दुसरी जागची हलली नाही म्हणून, तेही कटिंग-भरावाच्या सीमेवर. आधी डीसीपी मारा, म्हणजे हातोड्याने ठोकून जमिनीत कोन घुसवायचं साधं यंत्र. ८ किलोचा हातोडा ५७५ मिमीवरून पडतो, दर ठोक्याला कोन किती मिमी आत गेला ते लिहायचं, बस. दहा मीटरचं ग्रिड घ्या, सीमेवर पाच मीटर. कोन दगडावर अडकला तर फूटभर सरकून परत मारा, तो आकडा 'घट्ट' म्हणून नकाशावर चढवू नका. मग सगळ्यात ढिल्या आणि सगळ्यात घट्ट जागी प्लेट टेस्ट करा, म्हणजे दोन्ही टोकं हातात येतात.

जिओफोन: डीसीपी ठीक, पण तो जेमतेम मीटरभर जातो आणि ३० सेंमीच्या प्लेटला साधारण ६० सेंमीपर्यंतचंच कळतं. म्हणजे भरावाखालची काळी माती दोघांनाही दिसणार नाही, आणि रॅकचं वजन तर तिथवर पोचणार! उतारावरून आडव्या दोन लाइन मॅसडब्ल्यूच्या घ्या, म्हणजे घण मारून जमिनीतल्या लाटांचा वेग मोजायचा; २४ जिओफोन (जमिनीचं कंपन टिपणारे सेन्सर) आणि एक घण, खोदकाम नाही. शिअर वेव्हचा (माती आडवी हलवत जाणाऱ्या लाटेचा) वेग कडकपणात वर्गाने येतो, घनता सारखी धरली तर १५० चे ३०० मीटर प्रति सेकंद झाले की कडकपणा चौपट. फक्त हा आकडा अगदी सूक्ष्म हालचालीचा असतो, खऱ्या लोडखाली माती बरीच मऊ वागते, म्हणून थेट डिझाइनमध्ये घालू नका, ढिला पट्टा शोधायला वापरा आणि तिथेच एक बोअर घेऊन एसपीटी (बोअरच्या तळाशी नळी ठोकून किती ठोके लागतात ते मोजणं) करा.

काळी_माती: टेस्ट कधी करताय तेही बघा हो. मे महिन्यात काळी माती दगडासारखी लागते, तीच जुलैत पाय रुततील इतकी मऊ. प्रत्येक पॉइंटला ओलाव्याचं सॅम्पल घ्याच, नाहीतर दोन वेगळ्या दिवसांचे आकडे शेजारी ठेवून काहीच कळत नाही. के-व्हॅल्यू (किती दाबाला जमीन किती दबते तो आकडा) काढताना आयएस ९२१४ या भारतीय मानकात भिजलेल्या मातीसाठी करेक्शन आहे, ते सोडू नका.

साइटवाला: खूप आभार सगळ्यांचे. सोमवारपासून ग्रिड आखायला घेतो, मॅसडब्ल्यूचं कोटेशनही मागवतो. भरावाखाली मऊ पट्टा निघाला तर भराव उकरून माती काढायला लागेल का?

जिओफोन: आधी तो किती जाड आणि कुठवर पसरलाय ते येऊ द्या. छोटा असेल तर उकरून थराथराने परत दाबणं परवडतं, मोठा असेल तर रॅकची जागा कटिंगच्या बाजूला सरकवता येते का ते मालकाला आत्ताच विचारून ठेवा.